काम कोणाचं, कागद कोणता, किती दिवसांत

नागपूरच्या जरीपटका किंवा खामला भागातल्या एखाद्या सिंधी घरात चार माणसं एका पंगतीला बसतात आणि कायद्याच्या हिशेबात ती चार वेगळ्या ठिकाणी असतात. समजा, आजोबा १९ जुलै १९४८ च्या आधी सिंधमधून आले. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने ते नागरिक झाले, त्यांना वेगळा अर्जही करावा लागला नाही. त्यांचा पुतण्या २००८ साली व्हिसावर आला, पुढे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिला आणि अगदी अलीकडे त्याला नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. त्याच्या बायकोची फाईल अजून फिरते आहे. त्यांची मुलगी २०१० साली नागपुरातच जन्मली. तिच्याकडे मनपाचा जन्मदाखला आहे, ती इथल्याच शाळेत जाते, मराठीत कविता पाठ म्हणते. तरीही जन्माने ती भारताची नागरिक ठरत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलासाठी अट अशी आहे की आईवडील दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. ती जन्मली त्या दिवशी दोघांपैकी कोणीच नागरिक नव्हतं. वडिलांना नंतर प्रमाणपत्र मिळालं, त्याने मुलीचा प्रश्न आपोआप सुटत नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

आपण यांपैकी कुठे आहोत हे त्या घरातल्या किती जणांना नीट माहीत असतं? आणि शेजारच्या, पिढ्यान्‌पिढ्या नागपुरात राहिलेल्या घरात तरी स्वतः कशाच्या आधारे नागरिक आहोत हे किती जण सांगू शकतील? दोन्ही प्रश्नांचं उत्तर सारखंच निराशाजनक येईल, आणि म्हणून हा विषय फक्त नव्याने नागरिक होणाऱ्यांचा राहत नाही.

नागपूरशी त्याचा संबंध मात्र थेट आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार २०१६ साली देशातल्या ज्या १६ जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले, त्यांत नागपूरचे जिल्हाधिकारी होते. मार्च २०२४ मध्ये २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम आले आणि त्या कायद्याखालच्या अर्जांसाठी जिल्हा पातळीवरच्या व राज्य पातळीवरच्या समित्या वेगळ्या झाल्या. त्या कायद्याच्या योग्यायोग्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि तो इथे उकरायचा नाही. प्रश्न एवढाच आहे की ज्या माणसाला आपण उद्या नागरिक करणार आहोत, त्याला नागरिकपण कसं चालवायचं हे कोण सांगतं?

कायदा पाहिला तर कोणीच सांगत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात देशीकरणासाठी, म्हणजे परदेशी माणसाला रहिवासाच्या आधारे नागरिक करून घेण्यासाठी, अर्जाच्या आधीचे सलग १२ महिने आणि त्यामागच्या १४ वर्षांपैकी एकूण ११ वर्षांचा रहिवास लागतो. २०१९ च्या दुरुस्तीतल्या समुदायांसाठी ११ ऐवजी ५ वर्षं. वर्तणूक चांगली हवी, आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान हवं. या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत आणि १९६७ पासून सिंधीही आहे, त्यामुळे जरीपटक्यातल्या अर्जदाराला भाषेची अट जड जात नाही. २०२४ च्या नियमांत तर ती भाषा बोलता येणं, वाचता येणं किंवा लिहिता येणं यांपैकी एकही पुरतं. शेवटी शपथ. या सगळ्यात राज्यघटना, निवडणूक, पालिका, पोलीस, न्यायालय यांबद्दल एक अक्षर विचारलं जात नाही की सांगितलं जात नाही.

दुसरीकडे, आपल्याच शहरातून अमेरिकेत गेलेली मुलं तिथल्या नागरिकत्वासाठी किती तयारी करतात ते पाहा. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी तिथे १२८ प्रश्नांची यादी आहे. मुलाखतीत अधिकारी २० पर्यंत विचारतो, १२ बरोबर यावे लागतात. ब्रिटनमध्ये ४५ मिनिटांत २४ प्रश्न, १८ बरोबर हवेत. जर्मनीत ३३ पैकी १७, आणि त्यातले ३ प्रश्न उमेदवार ज्या राज्यात राहतो त्या राज्याबद्दलचे असतात. हे तीन प्रश्न मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. (या मुलांना आणखी एक गोष्ट शपथेच्या दिवसाआधी ठाऊक असायला हवी, आणि पुष्कळांना ती नसते: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपल्या कायद्याच्या नवव्या कलमाने भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. नंतर मिळणारं ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही.)

मग भारतानेही अशी परीक्षा सुरू करावी का? माझं स्पष्ट मत आहे, करू नये. आपल्याकडे परीक्षा आली की तिच्यामागे गाईड येतं, गाईडमागे क्लास आणि क्लासमागे दलाल. सिंधमधून आलेल्या कित्येक बायका आणि म्हातारी माणसं सिंधी वाचतात ती अरबी लिपीत. देवनागरीतली प्रश्नपत्रिका त्यांना पहिल्याच पायरीवर अडवेल. आणि ज्याचं उत्तर पिढीजात नागरिकाला येत नाही ते नव्या माणसाला आलंच पाहिजे, नाहीतर त्याचं नागरिकत्व अडेल, हा न्याय नव्हे. पण परीक्षा नको याचा अर्थ शिकवणं नको असा आपण लावून घेतला, आणि चूक तिथे झाली आहे.

शिकवायचं काय, यावरही मतभेद होतील. शाळेतलं नागरिकशास्त्र आपल्याला आठवतं ते असं: राष्ट्रपतींची निवड कशी होते, राज्यसभेची मुदत किती, घटनादुरुस्तीचे प्रकार कोणते. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची पत्रिका, आणि मुलं राज्यशास्त्राचे धडे शेवटच्या आठवड्यात उरकतात. ही माहिती चुकीची नाही, पण ती घेऊन कोणी मनपाच्या झोन कार्यालयाच्या खिडकीपाशी उभं राहू शकत नाही. नागरिकाला रोज लागणारं ज्ञान चार प्रश्नांत मावतं. हे काम कोणाचं? त्याला कागद कोणता? किती दिवसांत व्हायला हवं? नाही झालं तर वर कोण? राज्यघटना या चार प्रश्नांतून शिकवता येते, आणि तशी शिकवली तर ती अंगी लागते.

सुरुवात कागदांपासून करावी, कारण सगळ्यांत मोठे घोटाळे तिथेच आहेत. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या अल्पसंख्याकांना केंद्राने २०१६ मध्ये बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना, राहण्यापुरतं घर घेणं अशा सवलती दिल्या. माणुसकीच्या दृष्टीने ते योग्यच झालं. पण त्यामुळे खिशात सगळी कार्डं असलेला माणूस स्वतःला नागरिक समजू लागतो. आधार हे रहिवासाचं कार्ड आहे. अर्जाआधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या कोणालाही ते मिळू शकतं, आणि आधार कायद्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही. पॅन आयकराचं. जन्मदाखला जन्माची जागा आणि तारीख सांगतो, नागरिकत्व सांगत नाही. इथे होणारी सगळ्यांत महागडी चूक म्हणजे कोणी भला कार्यकर्ता निवडणुकीच्या तोंडावर वस्तीत टेबल मांडतो आणि सगळ्यांचेच मतदार नोंदणीचे अर्ज, म्हणजे नमुना ६, भरून घेतो. त्या अर्जात ‘मी भारताचा नागरिक आहे’ असं प्रतिज्ञापन असतं. नागरिकत्व मिळण्याआधी त्यावर सही केली तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ३१व्या कलमाखाली तो गुन्हा ठरू शकतो. एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पुढे नागरिकत्वाच्या फाईलवर त्याची सावली पडते ती वेगळीच.

दुसरा घोटाळा नावाचा. सिंधमधल्या पासपोर्टवर अनेकदा स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं नाव असतं, आडनाव नसतंच. इथे आल्यावर शाळा, बँक, आधार केंद्र सगळे आपापल्या परीने आडनाव चिकटवतात. कुठे ‘कुमार’ जोडून, कुठे तोडून. नागरिकत्वाच्या अर्जात पासपोर्टवर आहे तेच नाव, तेच स्पेलिंग, तीच जन्मतारीख लिहावी. नाव सुधारायचं असेल तर प्रमाणपत्र मिळाल्यानंतर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून मग बाकीची कार्डं त्याप्रमाणे करून घ्यावीत. उलट क्रमाने गेलेल्या माणसाला प्रत्येक खिडकीवर एक नवं प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

आता शपथ. नागरिकत्व कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत तिचा नमुना आहे आणि तो जेमतेम एका वाक्याचा आहे. कायद्याने स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाबद्दल खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन, भारताचे कायदे प्रामाणिकपणे पाळीन, आणि भारताचा नागरिक म्हणून माझी कर्तव्यं पार पाडीन, असा तिचा आशय. हे वाक्य अर्जदाराला टेबलापाशी उभं करून, त्याच्या तोंडून भरभर म्हणवून घेणं हा त्या वाक्याचा अपमान आहे. त्यातला शब्दन्‌शब्द समजावून सांगायला अर्धा तास पुरतो. निष्ठा कोणावर? संविधानावर. सरकारवर, पक्षावर, नेत्यावर किंवा धर्मावर निष्ठेचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे सरकारवर टीका करणारा माणूस शपथ मोडत नाही. कायदे पाळीन म्हणजे हेल्मेटपासून मालमत्ता करापर्यंत सगळे. कर्तव्यं कोणती? १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ५१-क अनुच्छेदात दहा मूलभूत कर्तव्यं आली, २००२ च्या ८६व्या दुरुस्तीने अकरावं आलं: सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाची संधी देणं. ज्या देशातून माणूस आला, तिथे त्याला अल्पसंख्य म्हणून जगताना राज्यघटनेचा आधार वाटला नसेल, तर इथे तो आधार कसा मागायचा हे त्याला सांगायला नको का?

मूलभूत हक्कांच्या बाबतीत एक भेद फार थोड्यांना माहीत असतो. काही हक्क भारताच्या भूमीवरच्या प्रत्येक व्यक्तीला आहेत: कायद्यापुढे समानता (अनुच्छेद १४), जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य (२१), अटक झाल्यावर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केलं जाणं आणि वकिलाचा सल्ला (२२), धर्मस्वातंत्र्य (२५). यांसाठी नागरिक असावं लागत नाही. व्हिसावरच्या माणसालाही हे आजच आहेत. काही हक्क मात्र फक्त नागरिकांचे: भाषण, सभा, संघटना, देशभर संचार, कुठेही वस्ती आणि कोणताही व्यवसाय (१९), भेदभावाविरुद्धचं संरक्षण (१५), सरकारी नोकरीत समान संधी (१६). काल जो माणूस मुक्काम बदलताना कार्यालयात कळवत होता, तो प्रमाणपत्र मिळाल्यावर कोणाला न विचारता अमरावतीला दुकान टाकू शकतो. हा फरक त्याला कळला पाहिजे. तो न कळल्यामुळे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. नागरिक नसताना असलेले हक्कही मागायला घाबरतात, आणि नागरिक झाल्यावरही पोलीस ठाण्याच्या पायरीवर जुन्याच भीतीने उभे राहतात. गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणाची ते ठाणं नंतर पाहतं. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मदत मिळते. हेल्पलाइन १५१००.

मतदानाकडे येऊ. प्रमाणपत्र मिळालं की नमुना ६ भरावा, सोबत नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडावी. पत्ता बदलला किंवा नावात चूक झाली तर नमुना ८. तरुणांसाठी आता वर्षातून चार पात्रता दिनांक आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतरा वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. शंकेसाठी १९५० हा हेल्पलाइन क्रमांक. इथवरचं पुष्कळांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की आपल्या डोक्यावर निवडणूक आयोग दोन आहेत. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे, महापालिका आणि जिल्हा परिषद राज्य निवडणूक आयोगाकडे. राज्य आयोग स्वतःची मतदार यादी बनवत नाही. तो ठरवलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांत फोडतो. त्यामुळे विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर मनपा निवडणुकीच्या तोंडावर झोन कार्यालयात कितीही भांडलं तरी ते बसत नाही. नाव आहे पण शेजारच्या प्रभागात गेलं, तर मात्र प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकत घेता येते. ती मुदत थोड्या दिवसांची असते आणि वस्तीत कोणाच्या लक्षातही येत नाही. मग मतदानाच्या दिवशी माणूस चिठ्ठी घेऊन या शाळेतून त्या शाळेत फिरतो आणि दोष मिळेल त्याला देतो.

यंत्राचंही तसंच. २०१७ च्या निवडणुकीत नागपूर मनपात १५१ जागा आणि ३८ प्रभाग होते; ३७ प्रभाग चार सदस्यांचे, एक तीनचा. म्हणजे विधानसभेला एक बटण दाबणाऱ्या मतदाराला इथे चार बटणं दाबायची असतात, अ, ब, क आणि ड अशा प्रत्येक जागेसाठी एक. एका जागेचे उमेदवार संपून दुसऱ्या जागेचे कुठे सुरू होतात हे मतपत्रिकेच्या रंगावरून ओळखायचं. कोणत्या जागेला कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचं ‘नोटा’ दाबायचं. चारही मतं झाली की शेवटचा बीप वाजतो, तोवर मतदान पूर्ण झालेलं नसतं. एक बटण दाबून बाहेर निघालेल्या आजीला मतदान अधिकारी परत बोलावतो, रांगेतले लोक कुरकुरतात, आणि घाबरून आजी उरलेली तीन बटणं हात पडेल तशी दाबते. पुठ्ठ्याचं नकली यंत्र करून वस्तीत दहा मिनिटं दाखवलं तर हे टळतं. दोनचारशे रुपयांचा खर्च.

नगरसेवक निवडून आल्यावर तो काय करू शकतो आणि काय नाही, हेही सांगायला हवं. तो अधिकारी नाही. कनिष्ठ अभियंत्याला लेखी आदेश देण्याचा अधिकार त्याला नाही. त्याचं बळ सभागृहात आणि समित्यांत प्रश्न विचारण्यात, अंदाजपत्रकात आपल्या प्रभागाचं काम घालून घेण्यात असतं. मार्च २०२२ मध्ये मनपाची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. त्या काळात नगरसेवकाशिवाय काम कसं करून घ्यायचं हे ज्यांना येत होतं त्यांची कामं झाली, बाकीचे माजी नगरसेवकांच्या दारात उभे राहिले.

उदाहरण म्हणून गडर लाइनच, म्हणजे मलवाहिनीच, घेऊ, कारण उत्तर नागपुरात कोणाही नव्या नागरिकाची पहिली तक्रार बहुधा तीच असेल. चेंबर तुंबलं, मैला रस्त्यावर आला. काम कोणाचं? आधी पाहायचं, चेंबर कंपाउंडच्या आत आहे की बाहेर. आत असेल तर घरमालकाचं. बाहेर असेल तर तो लेआउट कोणाचा आहे हे पाहायचं, आणि इथेच नागपूर इतर शहरांपेक्षा अवघड होतं. आपल्याकडे महापालिका आहे आणि तिच्या बरोबरीने १९३६ च्या कायद्याने आलेला नागपूर सुधार प्रन्यास आहे. गुंठेवारीतले लेआउट, ज्यांना लोक ५७२ आणि १९०० या आकड्यांनीच ओळखतात, ते नियमित करण्याचं, आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र देण्याचं, विकास शुल्क घेण्याचं काम प्रन्यासने केलं. त्यामुळे एकाच रांगेतल्या दोन गल्ल्यांची कागदोपत्री स्थिती वेगळी असू शकते. घराचा आरएल आणि मनपाच्या मालमत्ता कराची पावती हे दोन कागद समोर ठेवले की तक्रार कुठे न्यायची याचा बहुतेक उलगडा होतो. पाण्याचं तर बिल पाहिलं की पुरे; पुरवठा आणि बिल मनपाच्या वतीने नेमलेल्या खासगी कंपनीकडे आहे, जबाबदारी शेवटी मनपाची. वीज महावितरणची. रस्त्यावरचा खड्डा मनपाचा, प्रन्यासचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असू शकतो.

मनपाचं काम ठरलं की आपलं झोन. शहरात दहा झोन आहेत, प्रत्येकाला एक सहायक आयुक्त. फोनवर किंवा ॲपवर तक्रार जरूर करावी, पण दुसऱ्या दिवशीही चेंबर तसंच असेल तर कागद द्यावा. कागदात तीनच गोष्टी: नेमकी जागा (घर क्रमांक, गल्ली, जवळची खूण), कधीपासून, आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक. दोन प्रती न्याव्यात. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. या दुसऱ्या प्रतीला कार्यालयात ओसी म्हणतात, आणि ती नसेल तर तुमचा अर्ज कधी आलाच नव्हता असं समजावं. लोक इथेच हरतात. साहेबांना भेटलो, त्यांनी हो म्हटलं, असं सांगत महिना जातो.

दाखल्यांच्या बाबतीत हातात अधिक धारदार साधन आहे आणि ते वापरलं जात नाही याचं फार वाईट वाटतं. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली आला. अधिसूचित प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले आहेत, आणि सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी, अपील अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. सेतू केंद्रात रहिवासाचा किंवा अधिवासाचा अर्ज दिला की पोचपावतीवर क्रमांक मिळतो. दिवस त्या तारखेपासून मोजायचे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जदार हे सारं सोडून शंभर रुपये जास्त देऊन एजंट गाठतो, कारण फलक वाचायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. एक सावधगिरी: अधिवासासाठी महाराष्ट्रातला साधारण १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. नागरिकत्व ५ किंवा ११ वर्षांच्या रहिवासावर मिळालं म्हणजे अधिवासही मिळेल असं नाही. मुलाच्या वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी हे कळणं म्हणजे फार उशीर.

माहितीचा अधिकार हा फक्त नागरिकांचा. २००५ च्या कायद्याचं तिसरं कलम तसं म्हणतं, म्हणून शपथेनंतर हाती येणारं हे खास हत्यार आहे. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नको. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. तीस दिवसांत उत्तर. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम. फसतं कुठे? प्रश्नात. ‘माझ्या गल्लीतली गडर लाइन का दुरुस्त झाली नाही’ असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण कायदा कारणं मागू देत नाही, नोंदी मागू देतो. ‘अमुक आवक क्रमांकाच्या तक्रारीवरील टिपणी व कार्यवाहीची प्रत द्यावी, त्या लेआउटमधील मलवाहिनीच्या कामाच्या कार्यादेशाची व मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांची प्रत द्यावी’ असं लिहिलं की टेबलावरचा कागद हलतो. पुष्कळदा प्रत यायच्या आधी चेंबरच साफ होतं.

संसद, सर्वोच्च न्यायालय, राष्ट्रपती यांना दोन पानं पुरेत. नागपूरला विधानभवन आहे, हिवाळी अधिवेशन होतं, मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, ही आपली श्रीमंती. नव्या माणसाला ती एकदा चालत फिरवून दाखवावी. अधिवेशनात यशवंत स्टेडियमहून निघणारे मोर्चे पाहिले की एक जाणवतं. कित्येकांच्या मागण्या खरोखर राज्याच्या धोरणाच्या असतात, आणि काहींच्या तहसील कार्यालयात सुटायला हव्या होत्या. त्या तिथे सुटल्या असत्या तर लोकांचा दिवस आणि भाडं वाचलं असतं.

हे शिकवायचं कोणी? माझ्या मते नागरिकत्वाचा अर्ज दाखल होतो त्याच दिवशी अर्जदाराच्या हाती चोवीस पानांची पुस्तिका पडली पाहिजे. प्रमाणपत्राबरोबर दिली तर ती कपाटात जाते. अर्जापासून निकालापर्यंत महिने किंवा वर्षं जातात, वाचायला वेळ तेव्हाच असतो. मराठी, हिंदी आणि सिंधी, सिंधी दोन्ही लिप्यांत. सोबत वस्तीतल्या धर्मशाळेत किंवा शाळेत दोन संध्याकाळी, दीड-दीड तासाच्या. पहिली कागद, हक्क आणि शपथेची. दुसरी मतदान, झोन, सेवा हक्क आणि माहिती अधिकाराची, ज्यात प्रत्येकाने स्वतःच्या गल्लीबद्दलचा एक अर्ज प्रत्यक्ष लिहायचा. ज्यांना अजून नागरिकत्व नाही त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून नुसता जवळ ठेवायचा. शिकवायला निवृत्त नायब तहसीलदार, झोनचे निवृत्त कर्मचारी, विधी महाविद्यालयाची मुलं. पगारी यंत्रणा उभारायची गरज नाही. हजेरी सक्तीची करू नये, आणि तिचा निकालाशी संबंध जोडू नये, नाहीतर हजेरीचा दाखला हाच आणखी एक विकाऊ कागद होईल.

आणि हीच पुस्तिका सतरा वर्षांच्या मुलांना द्यावी. दरवर्षी २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस होतो, नव्या मतदारांना ओळखपत्रं वाटली जातात, प्रतिज्ञा म्हणवली जाते. नागरिकत्व कायद्यातली ती एका वाक्याची शपथ जन्माने नागरिक असलेल्यांनी कधी वाचलेलीही नसते. त्या दिवशी नवे नागरिक आणि नवे मतदार एकाच सभागृहात बसवले तर? दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या दुकानांवर भारताच्या संविधानाच्या प्रती हातोहात जातात. रोजंदारीवरचा माणूसही पैसे मोजून ती विकत घेतो. वाचणारे या शहरात आहेत. त्या जाड ग्रंथातून आपल्या गल्लीपर्यंत यायची वाट दाखवणारं पातळ पुस्तक तेवढं नाही.

त्या पुस्तिकेचं शेवटचं पान कोरं ठेवावं, फक्त डावीकडे छापील शब्द आणि पुढे रिकाम्या रेघा. विधानसभा मतदारसंघ. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक. प्रभाग. मतदान केंद्राची शाळा. बीएलओचं (मतदान केंद्र पातळीवरच्या अधिकाऱ्याचं) नाव. झोन कार्यालय. पोलीस ठाणं. लेआउट मनपाचा की प्रन्यासचा. आरएल क्रमांक. मालमत्ता कराचा निर्देशांक. शेवटच्या तक्रारीचा आवक क्रमांक आणि तारीख. दुसऱ्या संध्याकाळी ते पान पेन्सिलीने भरून घ्यावं, कारण प्रभाग बदलतात.